इतर हक्क

सातबारा हातात आला की पूर्वी मी आधी कब्जेदाराचं नाव वाचायचो. आता नजर पहिल्यांदा 'इतर हक्क' या रकान्यावर जाते. ही सवय लॉ कॉलेजात नाही, राजोडीतल्या आमच्याच एका वाडीत लागली.

शनिवार-रविवारी आमचा समुद्रकिनारा मुंबईकरांनी भरतो. सोमवारी त्यातल्याच दोघा-तिघांचा फोन येतो: वाडी घ्यायची आहे. मी विचारतो, शेतकरी आहात का? कुळकायद्याच्या कलम 63 मुळे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. बरेचसे तिथेच गळतात. उरलेल्यांसाठी तीस वर्षांचा शोध, सूची दोन, कुळाची जमीन असेल तर 32-म चं प्रमाणपत्र, वर्तमानपत्रात नोटीस.

ही सवय लावणारं ते माझं तिसरंच साठेखत होतं. बारा गुंठे केळीची वाडी, कुटुंब ख्रिस्ती, सातबाऱ्यावर तीन भाऊ. शोध स्वच्छ, नोटिशीला हरकत नाही, मसुदा तयार. सह्यांआधी विहीर आणि वहिवाटीची वाट पाहायला गेलो. थोरल्याच्या बायकोने चहा दिला आणि सहज विचारलं, "अरे, मग माझ्या नणंदा सहीला कधी येणार?"

तिघे भाऊ विहिरीकडे बघू लागले.

मूळ फेरफार मी मागवलाच नव्हता. चूक माझी. मागवला तेव्हा कळलं: वडील गेल्यावर वारसनोंदीत दोन्ही बहिणींची नावं भावांखाली नव्हती, 'इतर हक्कात' होती. पुढे एका जबाबावर तीही कमी झाली. धाकटी म्हणाली, "भाच्याच्या बाप्तिस्म्याला आले होते, तेव्हा केली होती एका कागदावर सही. घरचाच कागद म्हणून."

शंभर रुपयांच्या वरच्या स्थावरातला हक्क असा जबाबावर सुटत नाही, त्याला नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. माझा शोध स्वच्छ निघाला तो म्हणूनच. जो दस्त झालाच नाही, तो सूचीत दिसणार कसा? शिवाय फेरफाराने मालकी येत नाही आणि जातही नाही. हिंदू मुलींना वडिलोपार्जित जमिनीत जन्मतः हक्क 2005 च्या दुरुस्तीने मिळाला, त्याचा बराच गाजावाजा झाला. मृत्युपत्र नसेल तर ख्रिस्ती मुलीचा भावाइतकाच वाटा 1925 च्या भारतीय वारसा कायद्यात लिहिलेला आहे. तरीही सख्ख्या बहिणी 'इतर'! तो रकाना छापणाऱ्याला मी दोष देत नाही. त्यात कुणाला बसवायचं हे घरातच ठरतं.

खरेदीदार वैतागला, विसाराची रक्कम दीड महिना अडकली. भावांनी माझ्याशी बोलणं सोडलं, आणि गाव एवढंसं असल्यामुळे ते दर रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर जाणवायचं. आता रिसॉर्टचं भागीदारीपत्र करतानाही मी विचारतो, पैसा घरात आणखी कुणाकुणाचा आहे? अशील चिडतात. चिडू देत.

त्या साठेखतावर अखेर पाच सह्या झाल्या. किंमत तीच राहिली, वाटे तिनाचे पाच झाले.

वाडी विकायला काढणार असाल तर वकिलाकडे येताना सातबाऱ्याबरोबर जुने फेरफारही आणा. आणि निघण्याआधी बहिणींना फोन करा.