मालिकांमध्ये आपले घर कुठे आहे?

मालिका पाहू नयेत, त्या माणसाला आळशी बनवतात, असे सांगणारी मंडळी आपल्या समाजात पुष्कळ आहेत. आम्ही त्यांच्यातले नाही. दिवसभर राबून आलेल्या माणसाने रात्री जेवताना तासभर टीव्ही पाहिला तर बिघडले कुठे? आमच्या घरी सासूबाईंपासून मुलीपर्यंत सारेच पाहतात आणि पाहता पाहता भांडतातही. त्या भांडणातलेच थोडेसे वाचकांपुढे ठेवतो.

सर्वांत मोठे भांडण ‘रंग माझा वेगळा’वरून झाले. स्टार प्रवाहवरची ही मालिका २०१९ ते २०२३ अशी चार वर्षे चालली. तिचे जुने भाग आमची मुलगी हल्ली मोबाइलवर पाहते. सावळ्या दीपाला तिची सासू रंगावरून छळते, ही गोष्ट. हर्षदा खानविलकर यांनी सासू अशी काही रंगवली आहे, की बघणाऱ्याच्या हाताची मूठ वळावी. विषय चांगला, यात वाद नाही. पण दीपा झालेल्या रेश्मा शिंदे मुळात उजळ रंगाच्या. त्यांना मेकअप करून सावळे केले होते. त्यांचा यात काय दोष? काम त्यांनी मनापासून केले. परंतु नर्सिंगचा कोर्स करणारी आमची मुलगी सावळी आहे. ती म्हणाली, “आई, शूटिंग संपल्यावर दीपा तोंड धुऊन घरी जात असेल. मग आमच्यासारखीला का नाही घेतले? महाराष्ट्रात सावळ्या मुली संपल्या का?”

या प्रश्नावर घरात कोणालाच उत्तर सुचले नाही.

त्यातून गेल्या महिन्यात तिला पाहायला पाहुणे आले होते. आपल्यातलेच. जयभीम झाला, चहा झाला, शिक्षणाची चौकशी झाली. बोलता बोलता मुलाच्या आईने याच मालिकेचा विषय काढला. दीपाचे हाल बघून आपण किती रडलो ते सांगितले. आणि चार दिवसांनी निरोप आला, मुलगी गुणी आहे पण रंग जरा दबलेला आहे! आता हसावे की रडावे? मालिका चार वर्षे घरात चालते, डोळे पाणावतात, आणि मन होते तिथेच राहते. मालिकेला तरी किती बोल लावायचा?

त्याच वाहिनीवर त्याच २०१९ साली ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर – महामानवाची गौरवगाथा’ सुरू झाली होती. सागर देशमुख बाबासाहेब आणि शिवानी रांगोळे रमाई. त्या वेळेला आमच्या चाळीत बाहेर कोणी दिसत नसे. सासूबाई तर डोक्यावर पदर घेऊन बसत. पुढे २०२० मध्ये सोनी मराठीवर ‘सावित्रीजोती’ आली आणि प्रेक्षक कमी म्हणून त्याच वर्षाच्या अखेरीस बंद झाली. फार वाईट वाटले. सासू-सुनांच्या कारस्थानांना वर्षानुवर्षे प्रेक्षक मिळतात, आणि मुलींची पहिली शाळा काढणाऱ्या जोडप्याला एक वर्षही पुरते मिळू नये!

तरी आमचे म्हणणे थोडे निराळे आहे. महापुरुषांची चरित्रे यावीतच. पण रोजच्या मालिकेत घर दाखवतात, त्या घराच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे, मुलगा सकाळी ड्युटीवर निघालाय, आई पंचशील म्हणून चूल पेटवते, आणि पुढे नेहमीची मालिका, रुसवेफुगवे, लग्न, नोकरी, असे का नसावे? आम्ही पाहिलेल्या मालिकांत असे घर आम्हाला सापडले नाही.

विनोदी कार्यक्रमांत आमची पसंती ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ला. गौरव मोरे त्यात होते तेव्हा पवईच्या फिल्टरपाड्याचे नाव ताठ मानेने घ्यायचे. आमच्या मुलाला ते फार आवडले. कारण हा आमचा मुलगा कामावर कोणी पत्ता विचारला तर वस्तीचे नाव न घेता नुसते स्टेशनचे नाव सांगतो. समीर चौगुले यांच्या चेहऱ्याकडे बघूनच सासूबाईंना हसू फुटते. मात्र कोणाच्या जाडेपणावर विनोद सुरू झाला, की आमची मुलगी आवाज बंद करते. ‘चला हवा येऊ द्या’मध्ये पुरुषांना साड्या नेसवून केलेला विनोद आम्हाला कधी फारसा रुचला नाही, पण त्यातल्या पोस्टमनकाकांची, सागर कारंडे वाचायचे ती पत्रे ऐकण्यासारखी असत.

हिंदीत अलीकडे काही वेगळे पाहायला मिळाले. २०२३ च्या ‘दहाड’मध्ये सोनाक्षी सिन्हा राजस्थानातली पोलीस अधिकारी आहे. तिचे मूळचे आडनाव मेघवाल, ते बदलून भाटी केलेले. ती जवळून गेली की ठाण्यातला एक कर्मचारी उदबत्ती लावतो. शिवी नाही, भांडण नाही, नुसती उदबत्ती! आम्हाला तर एवढ्या एका गोष्टीसाठी ही मालिका मोठी वाटली. शेवटी ती आपले मेघवाल आडनाव परत घेते.

आणि त्याच वर्षीच्या ‘मेड इन हेवन’च्या दुसऱ्या भागात नीरज घेवान यांनी दिग्दर्शित केलेला एक प्रसंग आहे. राधिका आपटे नवरी. शिकलेली, लेखिका. सासरच्यांचा विरोध असतानाही ती आपले लग्न बौद्ध पद्धतीने व्हावे म्हणून अडून बसते. पांढरी साडी, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमा, वंदना, सारे मोठ्या श्रीमंती थाटात. या मालिकेत इंग्रजी फार, आणि आमच्या सासूबाईंना हिंदीही धड कळत नाही. मुलगा मधे मधे थांबवून सांगत होता. लग्न लागायला लागले तसे त्यांनी त्याला हाताने गप्प केले. ते त्यांना सांगावे लागले नाही.

संपल्यावर म्हणाल्या, “पुन्हा लाव. नवरीकडची माणसं नीट दिसली नाहीत.”