भीतीचा धंदा

दिवाळी अंकांच्या संपादकांना माझी आठवण होते ती आषाढात. बाहेर पाऊस कोसळत असतो आणि मी, लोकांनी चकलीबरोबर वाचावे म्हणून, एखादे भूत तयार करीत बसलेला असतो. पूर्वी या धंद्याची मला थोडी लाज वाटे. पुढे वाचनात आले की, केंब्रिजचे गाढे विद्वान एम. आर. जेम्स आपल्या भुतांच्या गोष्टी नाताळात मित्रांना वाचून दाखवीत. सणाला भूत चालते, एवढा आधार मला पुरला.

यंदाची कथा मात्र अडली. वाडा झाला, विहीर झाली, कुलूप घातलेली खोली झाली; भीती काही येईना.

शनिवारी मी काही मुलांना कथालेखन शिकवतो. (शिकवतो म्हणजे मी बोलतो, लिहितात ती.) त्यांना नारायण धारपांची ‘लुचाई’ वाचायला दिली होती. स्टीफन किंगचा परदेशी पिशाच धारपांनी मराठी मुलखात कसा वसवला, यावर मी रंगून बोलत होतो. “ज्याला आपण खरे भितो, तेच लिहावे,” असेही म्हणून गेलो. एका मुलीने विचारले, “सर, तुम्ही कशाला भिता?”

“झुरळाला,” मी म्हणालो. वर्ग हसला. ती हसली नाही.

गणपतीला भाचा आला. त्याने एक जुने यंत्र टीव्हीला जोडून मला ‘सायलेंट हिल’ हा खेळ खेळायला बसवले. खेळ १९९९ सालचा, म्हणजे भाच्याहूनही थोरला. धुक्यात बुडालेल्या गावात एक बाप हरवलेली मुलगी शोधत फिरतो. ते धुके म्हणे मुळात अडचणीतून आले. त्या काळच्या यंत्राला लांबचे चित्र रेखाटणे झेपत नसे, म्हणून करणाऱ्यांनी गावच धुक्यात झाकले. मला माझी कुलूपबंद खोली आठवली. तिच्यात काय आहे, हे मी पाच पाने सांगत सुटलो होतो!

बापाच्या खिशात एक छोटा रेडिओ असतो. काही जवळ आले की तो खरखरू लागतो.

“मामा, खरखर झाली की पळायचं!” भाचा ओरडे. मी पळत नसे. जागीच थिजत असे. तीनदा मेलो.

रात्री दोनला जाग आली. आईच्या खोलीतून खरखर येत होती. आई सत्त्याऐंशी वर्षांची. ट्रान्झिस्टर उशाशी घेऊन झोपते. स्टेशन बंद पडले की तो खरखरत राहतो, आणि उठून बंद करणे हे माझे काम. उंबऱ्याशी आलो आणि थबकलो. चैत्रापासून मी तिथे रोजच थबकतो, हे त्या रात्री प्रथम ध्यानात आले. चैत्रातल्या एका रात्री ती उठून बसली होती, आणि पाहुण्यांशी बोलावे तशा मऊ आवाजात तिने मला विचारले होते, “आपण कोण?”

आत बांगड्या वाजल्या. ती जागी होती. मी आत गेलो, रेडिओ बंद केला.

“आई, मी बाळ.”

तिने पदर सावरला. पलंगावर थोडे सरकून मला जागा केली.

“बसा ना,” ती म्हणाली. “बाळ येईलच एवढ्यात.”

मी बसलो.