मनाच्या साक्षीची उलटतपासणी

अंगात ताप भरला की आपण त्याचे कारण शोधतो. मन खचले की मात्र ‘परिस्थितीच तशी आहे’ असे म्हणून गप्प बसतो. परिस्थिती आणि दुःख यांच्यामध्ये आणखी एक दुवा असतो, हे मला धाकट्या बहिणीच्या आजारपणात उमगले.

पती निवर्तल्यानंतर वर्ष उलटले तरी ती घराबाहेर पडत नव्हती. ‘आता माझी कोणाला गरज नाही’ हे एकच वाक्य तिच्या ओठी असे. झोप उडाली, अन्नावरची वासना गेली. आमचे धीराचे शब्द तिच्यापर्यंत पोहोचत नव्हते. मानसोपचार घेणे म्हणजे श्रद्धा उणी पडणे, असे मानणारे आप्तही होतेच. अखेर डॉक्टरांनी औषधांच्या जोडीला बोधनिक वर्तनोपचार सुचवला.

या पद्धतीचा पाया दोघांनी घातला. न्यूयॉर्कचे अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये आपली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. पुढे १९६० च्या दशकात फिलाडेल्फियाचे डॉ. आरन बेक यांना असे आढळले की, खिन्न माणसाच्या मनात स्वतःविषयी, जगाविषयी आणि भविष्याविषयी काळे विचार आपोआप उमटत राहतात आणि तो ते सत्य मानून चालतो. घटना, तिचा आपण लावलेला अर्थ, त्यातून उपजणारी भावना आणि भावनेतून घडणारे वर्तन, अशी ही साखळी आहे. घटना बदलता येत नाही. अर्थ मात्र तपासता येतो.

बहिणीला एक वही ठेवण्यास सांगितले गेले. एके दिवशी तिने लिहिले : ‘शेजारीण न बोलता निघून गेली. मी तिला नकोशी झाले आहे.’ समुपदेशक बाईंनी तिला खोडून काढले नाही. केवळ पुरावा विचारला. याच शेजारणीने चार दिवसांपूर्वी जेवणाचा डबा पाठवला होता, हे मग बहिणीलाच आठवले. पुढचा गृहपाठ होता तिच्याकडे स्वतः जाण्याचा. बहीण गेली, तेव्हा कळले की शेजारणीचे यजमान इस्पितळात होते आणि त्या दिवशी ती घाईने तिकडेच निघाली होती. त्या संध्याकाळी कित्येक महिन्यांनी बहिणीने दुसऱ्या कोणासाठी तरी पेज रांधली.

येथे उपचाराचे दुसरे अंग दिसते. उत्साह येईल तेव्हा काम करू, असे खिन्न मन म्हणते. हा उपचार सांगतो, लहानसे काम आधी करा, उत्साह मागून येईल.

याला गोड विचारांची मलमपट्टी समजू नये. वियोगाचे दुःख खरे होते व आजही आहे. त्याला चिकटलेले खोटे वाक्य तेवढे सोडवून घ्यायचे होते. कोणाच्या तोंडी जीव नकोसा झाल्याची भाषा आली, तर विलंब न करता डॉक्टरांकडे न्यावे, वही त्यानंतर.

बहीण अजूनही रडते. पण रडून झाल्यावर ती डोळे पुसते, दार उघडते आणि कोणी आले आहे का, ते पाहते.