बोरिवलीचं ‘प्लेसमेंट’

सकाळी बोरिवली स्टेशनवर उतरले की गर्दीत एक तरी किटबॅग मला धक्का देऊन जातेच. ती बहुतेक एखाद्या शाळकरी पोराच्या खांद्यावर असते. आपलं कॅम्पस प्लेसमेंट कॉलेजच्या शेवटच्या वर्षी होतं. इथे ते तेराव्या-चौदाव्या वर्षीच होतं, बॉस!

हॅरिस आणि गाइल्स शिल्ड जिंकायच्या तर शाळेला चांगली पोरं हवीत. मग कोच दुसऱ्या शाळेतला मुलगा हेरतात आणि थेट घरच्यांना गाठतात. 1999 मध्ये दिनेश लाड यांनी असाच एक ऑफस्पिनर हेरला. आईवडील डोंबिवलीला, मुलगा बोरिवलीत काकांकडे. स्वामी विवेकानंद इंटरनॅशनल स्कूलची महिना 275 रुपये फी घरच्यांना झेपेना. लाड यांनी ती माफ करून घेतली. मुलाचं नाव रोहित शर्मा!

पुढे पालघरचा शार्दुल ठाकूर लाड यांच्या शाळेविरुद्धच खेळला आणि त्यांच्या नजरेत भरला. मुलगा दहावीत, त्यात लोकलचा रोजचा लांबचा प्रवास, म्हणून वडील तयार होईनात. लाड यांनी त्याला स्वतःच्या घरीच ठेवून घेतलं. 2022 मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला.

अर्थात, प्रत्येक वेळी जुन्या शाळेचा हुकमी खेळाडू जातो आणि पोराचे दोस्त सुटतात. तरी पोरं येतात. कारण या शहरात सगळ्यात मोठी ऑफर म्हणजे वाचलेला प्रवास. तुमच्या एचआरने कधी म्हटलंय, ‘आमच्याच घरी राहा’?