रिझ आणि रिझवणे

संपादकांनी यंदा तरुणांच्या बोलीवर लेख मागितला आणि उन्हाळ्यापासून मनात रुतून बसलेला एक प्रसंग वर आला. भाषाशास्त्राच्या वर्गातला एक हुशार मुलगा टिपण घेऊन आला होता. इंग्रजीतला ‘रिझ’ हा आपल्या ‘रिझवणे’तून निघाला, असं त्याचं म्हणणं. मी “ध्वनिसाम्य आहे, नातं नाही” एवढंच सांगून त्याला वाटेला लावलं. तो पुन्हा फिरकला नाही.

‘रिझ’ म्हणजे आवडत्या व्यक्तीला आपल्याकडे ओढून घेण्याची हातोटी. मुलींबद्दलही म्हणतात, पण जास्त करून मुलग्यांबद्दल. काय सेनाट या अमेरिकन स्ट्रीमरमुळे तो पसरला आणि २०२३ मध्ये ऑक्सफर्डने त्याला वर्षाचा शब्द ठरवलं. रूपाशी त्याचं फारसं देणंघेणं नाही. राजबिंडा पोरगा तोंड उघडताच फिका पडतो, चारचौघांसारखा दिसणारा गप्पांत बाजी मारतो. रिझ या दुसऱ्याकडे. न बोलता जमलं तर ते ‘अनस्पोकन रिझ’. आपले राजबिंडा, रुबाबदार, रांगडा हे शब्द चेहरा, ऐट, अंगकाठी सांगतात. ही किमया सांगत नाहीत. मुलांनी ‘रिझ’ उचलला म्हणून मराठी बुडत नाही.

आता व्युत्पत्ती. ऑक्सफर्डच्या कोशकारांच्या मते हा ‘करिझ्मा’चा मधला तुकडा. इंग्रजी सहसा शब्दाचं डोकं किंवा शेपूट ठेवते, पण ‘रेफ्रिजरेटर’मधून ‘फ्रिज’ आणि ‘इन्फ्लुएन्झा’मधून ‘फ्लू’ असेच मधून निघाले. शिवाय ‘करिझ्मा’ उच्चारताना आघात नेमका ‘रिझ’वर येतो. आपल्या ‘रिझणे’चा प्रवास वेगळा. संस्कृत ‘ऋध्यति’, म्हणजे भरभराटतो, प्राकृतात ‘रिज्झइ’, मग रिझणे. ‘ध्य’चा ‘झ’ होणं नेहमीचं: संध्या, संझा, सांज. म्हणजे ‘रिझणे’ची सख्खी बहीण ‘रिद्धी’. लिहिताना दोन्हींत ‘झ’ दिसतो, पण आपला ‘झ’ महाप्राण आहे, इंग्रजीतला नाही. फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचा अर्थही एक आणि उच्चारही जवळचा, तरी त्यांचं नातं नाही. हे वर्गात दरवर्षी सांगतो. बाहेर मात्र मोबाइलवर रोज नवा संदेश येतो की अमुक इंग्रजी शब्द मूळचा आपला, आणि शंका काढणारा मातृभाषेचा वैरी ठरतो. आयुष्य या भाषेच्या अभ्यासात घालवल्यावर ते ऐकून घेणं जड जातं.

पण त्या मुलाला मी अर्धंच सांगितलं, हे खरं. ‘करिझ्मा’च्या मुळाशी ग्रीक ‘खारिस’ आहे: कृपा, मोहकपणा. त्याच्या धातूचं नातं अभ्यासक वेदातल्या ‘हर्यति’शी जोडतात, अर्थ, आवडणे, आस धरणे. संस्कृत ‘ह’समोर ग्रीकमध्ये ‘ख’ येतो. आपलं ‘हिम’, त्यांचं ‘खिओन’. म्हणजे दोन भाषांतलं जे नातं तो शोधत होता ते होतंच, फक्त त्याने ठोठावलेलं दार शेजारच्या घराचं होतं. ते दाखवायला मला दहा मिनिटं पुरली असती.

त्याचं टिपण माझ्या टेबलावर आहे. हा अंक त्याच्या हाती पडला, तर त्याने ते न्यायला जरूर यावं. ‘हर्यति’पासून पुढे आपण दोघं मिळून लिहू.