दोघांचाही नंबर १

तर झालं असं. आमच्या चाचण्यांआधी डेटाबेसमध्ये नमुना डेटा भरायलाच ९ मिनिटं जायची. म्हणून मी एक 'हुशारी' केली. डेटा एकदाच एका डॉकर व्हॉल्यूममध्ये भरला आणि प्रत्येक बिल्डच्या पोस्टग्रेस कंटेनरला तोच व्हॉल्यूम जोडला. वेळ वाचला, कौतुकही झालं!

पुढे मात्र चाचण्या मधूनच नापास व्हायला लागल्या. कधी नोंदी गायब, कधी इंडेक्स बिघडलेला. टीममधल्या नव्या मुलाने त्याच आठवड्यात काही क्वेरी बदलल्या होत्या. मी सरळ त्याच्यावर खापर फोडलं. बिचारा दोन रात्री जागला, शेवटी त्याने आपले बदल काढून टाकले. तरी नापास!

मग लक्षात आलं, दोन बिल्ड एकदम चालल्या की हे होतं.

पोस्टग्रेस सुरू होताना डेटाच्या फोल्डरमध्ये एक छोटी फाईल ठेवतो, त्यात स्वतःचा प्रोसेस नंबर लिहितो. दुसरा पोस्टग्रेस तिथे आला की ती वाचतो, आणि त्या नंबरचा प्रोसेस जिवंत दिसला की मागे फिरतो. पण कंटेनरमध्ये प्रत्येकाची मोजणी वेगळी, त्यामुळे दोघांचाही नंबर १! दुसऱ्याला वाटतं, 'हा तर माझाच नंबर, मागची फाईल राहिली असेल.' शेअर्ड मेमरीचीही एक तपासणी असते, पण एरवी तिलाही शेजारचा कंटेनर दिसत नाही. झालं, एका म्यानात दोन तलवारी! मायएसक्यूएलचं इनोडीबी इथे बरं. ते फाईललाच कर्नलकडून कुलूप लावतं, त्यामुळे त्याच मशीनवरचा दुसरा कंटेनर सुरूच होत नाही.

आता मूळ व्हॉल्यूमला कुणी हात लावत नाही. तो भरून झाल्यावर सर्व्हर नीट बंद केलेला आहे. प्रत्येक बिल्ड त्याची स्वतःची प्रत काढते, काम झालं की पुसते. ४० सेकंद जातात, जाऊ देत. एकाच सर्व्हरवर भागत असेल तर टेम्प्लेटवरून प्रत्येक बिल्डला वेगळा डेटाबेसही काढता येतो. फक्त तेव्हा त्या टेम्प्लेटला कुणी जोडलेलं नको.

असो. सोमवारी त्या मुलाला सगळ्यांसमोर सॉरी म्हटलं. तो एवढंच म्हणाला, "मग माझ्या क्वेरी परत टाकू का?"

टाकल्या. आधीच्यापेक्षा चांगल्याच होत्या.