मोठ्या भावाचा रोल

डिसेंबर लागला की माझ्या मोबाइलवर एकच मेसेज वेगवेगळ्या नंबरांवरून येतो. 'ए, काहीतरी छान, हार्टवॉर्मिंग, ख्रिश्चन टाइप पुस्तक सुचव ना!' विचारणारे दोन प्रकारचे. एक, आमच्या चर्चमधल्या मावश्या, ज्यांना हॅरी पॉटर चालत नाही. दुसरे माझे ऑफिसवाले मित्रमैत्रिणी, ज्यांना नाताळ म्हटलं की प्लम केक, सांताक्लॉज आणि मी एवढंच आठवतं.

यादी मी पाठवते. पण गेल्या नाताळानंतर ती बदलली. कारण आमचा दादा.

आधी थोडा फ्लॅशबॅक. नगरला आमच्या संडे स्कूलमध्ये दरवर्षी उधळ्या पुत्राचा दाखला नाटक म्हणून बसवायचे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: धाकटा मुलगा बापाकडून वाटणी घेतो, परदेशी जाऊन सगळं उडवतो, डुकरं राखायची वेळ आल्यावर घरी परततो. बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो, मेजवानी घालतो. आणि इतकी वर्षं इमानेइतबारे राबलेला मोठा भाऊ रुसून बाहेर उभा राहतो. दादा कायम उधळा पुत्र. फाटका बनियन, तोंडाला कोळसा, टाळ्याच टाळ्या. मी खोटी मिशी लावून मोठा भाऊ. दोन वाक्यं आणि एक फुरंगटणं, संपला रोल.

चार वर्षांपूर्वी दादानं बिझनेससाठी आमच्या नगरच्या घरावर लोन काढायला लावलं. बिझनेस बुडाला. दादा वहिनीला आणि पोरीला घेऊन नाशिकला गेला आणि फोन उचलेनासा झाला. हप्ते मी भरते. फ्रीलान्सरनं हप्ते भरणं म्हणजे काय, हे 'तुमचं पेमेंट प्रोसेसमध्ये आहे' हे वाक्य ऐकलेल्यांना वेगळं सांगायला नको.

आणि गेल्या नाताळात त्यानं पप्पांना फोन केला, 'येऊ का?' पप्पांनी स्टुलावर चढून स्वतः चांदणी टांगली. मम्मीनं करंज्यांचा घाणा दुप्पट केला. मी किचनमध्ये भांडी आपटत होते.

रात्री आठ वर्षांची भाची माझ्या पांघरुणात शिरली. 'आत्या, गोष्ट.' कपाटातून 'हायडी' काढलं. योहाना स्पायरीची १८८१ पर्यंत दोन भागांत आलेली ही स्विस गोष्ट सगळ्यांना साधारण माहीत असते: डोंगर, शेळ्या, अनाथ मुलगी, खडूस आजोबा. मलाही तेवढीच आठवत होती. पण लहानपणी मी वाचलेली आवृत्ती होती पातळ, चित्रंवाली. यावेळी हातात पूर्ण पुस्तक होतं. फ्रँकफर्टला श्रीमंतांच्या घरी ठेवलेली हायडी तिथल्या टेबलावरचे मऊ पांढरे पाव कपाटात लपवून ठेवते, कारण डोंगरावरच्या आंधळ्या आजीला कडक काळा पाव चावत नाही. भाची जाम हसली. मग हायडी डोंगरावर परतते आणि आजोबांना चित्रांच्या पुस्तकातून एक गोष्ट वाचून दाखवते. कुठली? उधळ्या पुत्राची! आजोबांचं अख्खं गावाशी वैर, कित्येक वर्षांत चर्चची पायरी चढलेले नाहीत. पुढच्या रविवारी ते हायडीचा हात धरून खाली गावात उतरतात.

'आजोबा इतके दिवस का नाही गेले गं?' भाचीनं विचारलं.

'लाज वाटत असेल.'

'पप्पांना पण वाटते,' ती म्हणाली आणि झोपली. मी मात्र टक्क जागी.

तर मावश्यांनो, यादीत पहिलं 'हायडी'. पण पूर्ण घ्या. पातळ आवृत्तीत माझा हाच भाग उडाला होता.

दुसरं, सी. एस. लुइसचं १९५० सालचं 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब'. नार्नियातला सिंह म्हणजे कोण, यावर आमच्या चर्चमध्ये अख्खं प्रवचन झालंय. ते सोडा. मला त्यातला एडमंड हवा आहे. मिठाईच्या लालचीनं सख्ख्या भावंडांना चेटकिणीच्या हवाली करायला निघालेला. तो परत येतो तेव्हा अस्लान त्याच्याशी बाजूला जाऊन बोलतो. काय बोलतो, ते लुइस सांगतच नाही. भावंडांना फक्त एवढंच कळतं, की आता झालं-गेलं काढायचं नाही. या पानावर मी किती वेळा अडकले असेन! कारण झालं-गेलं काढायची मला भयंकर हौस. महिन्याच्या पाच तारखेला तर खासच.

'लिटल वुमन' तुम्ही शांता शेळक्यांच्या 'चौघीजणी'मधून वाचलंच असेल. आपला नाताळचा नाश्ता उचलून गरिबाघरी नेणाऱ्या त्या पोरी मला आमच्याच मंडळीतल्या वाटतात. मराठीतच हवं असेल, तर लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. कादंबरी नाही, आत्मचरित्र आहे, पण कुठल्याही कादंबरीपेक्षा भारी. नवरा ख्रिस्ती झाल्यावर संतापलेली, तुटलेली बाई इतक्या मिश्कीलपणे लिहू शकते, हे वाचल्याशिवाय खरं वाटत नाही.

आता मोठ्यांसाठी. मेरिलिन रॉबिन्सनची 'गिलियाड' (२००४, पुढच्या वर्षी पुलित्झर) सगळे सुचवतात. म्हातारा पाळक आपल्या छोट्या मुलासाठी पत्र लिहितो. सुंदरच आहे. पण मी सुचवीन तिचंच २००८ सालचं 'होम'. यात वीस वर्षांनी घरी परतलेला वाया गेलेला भाऊ आहे, मरणाला टेकलेला पाळक बाप आहे आणि दोघांना जेवू घालणारी अडतीस वर्षांची बहीण ग्लोरी. उधळ्या पुत्राची गोष्ट, पण स्वयंपाकघरातून सांगितलेली. फील गुड नाही हां. बाप शेवटी थकतो, मिठी-बिठी होत नाही. उरते ती बहिणीनं केलेली कॉफी आणि त्या दोघांमधलं अवघडलेलं, हळूहळू सैल होत जाणारं बोलणं. स्वीट पुस्तकं मला चालत नाहीत, डोकं उठतं. हे थंड ओट्यावर कुणीतरी गॅस पेटवल्यासारखं आहे.

आणि एक गोष्ट नाटकात कधीच कुणी सांगितली नव्हती. मूळ दाखल्यात बाप मोठ्या मुलासाठीही बाहेर येतो, त्याला समजावतो. पुढे तो आत गेला की नाही, लिहिलेलं नाही. आमचे सर तिथेच पडदा पाडून सगळ्यांना गाणं म्हणायला लावायचे.

पंचवीस तारखेला जेवणानंतर दादा बाहेर पायरीवर एकटाच बसला होता. मी दोन कप चहा घेऊन गेले. सॉरी वगैरे काही झालं नाही. त्यानं विचारलं, 'किती हप्ते राहिलेत?' म्हटलं, 'एकोणीस.' तो म्हणाला, 'साखर कमी आहे.' मी म्हटलं, 'आत आहे, घे जाऊन.'

मार्चपासून निम्मा हप्ता त्याच्याकडून येतो. दोनदा उशिरा आला, एकदा आलाच नाही. यंदा भाचीसाठी नार्नियाचे सातही भाग कुरिअर केलेत. त्याच खोक्यात 'होम'पण टाकलंय. दादा पेपरच्या स्पोर्ट्स पानापलीकडे काही वाचत नाही. तरी टाकलंय.